काळं डुक्कर आणि दोन नोंदवह्या

नगर जिल्ह्यानं देशाच्या पशुधनाला दोन मोठी नावं दिली. एक संगमनेरी शेळी आणि दुसरा अकोले तालुक्याच्या डांगाणातला, धो-धो पावसात चिखल तुडवत भाताची खाचरं ओढणारा डांगी बैल. हरियाणात कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे. देशातल्या जनावरांच्या जातींची अधिकृत नोंदवही तिथं ठेवली जाते, आणि त्या वहीत ही दोन्ही नावं आहेत. महाराष्ट्राची बाकीची यादीही भरगच्च आहे. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ या गाई-बैलांच्या जाती, पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी या म्हशी, उस्मानाबादी आणि बेरारी शेळ्या, दख्खनी मेंढी. अलीकडे भीमथडी घोड्यालाही त्याची जागा मिळाली. महाराष्ट्राच्या नावावर डुकराची मात्र एकही जात नाही.

नगर-पुणे रस्त्यावरचं सुपा आज एमआयडीसी, टोलनाका आणि डोंगरावरच्या पवनचक्क्यांसाठी ओळखलं जातं. या सुप्याच्या आसपास, पारनेर-श्रीगोंद्याच्या गावकुसाबाहेर, ओढ्याकाठी आणि उकिरड्यावर पिढ्यान् पिढ्या जे काळं डुक्कर वावरलं, त्याला सरकारी कागदावर ‘गावठी’ यापलीकडे ओळख नाही. पशुगणनेत त्याची डोकी मोजली जातात, पण वंश सांगितला जात नाही. शेळीला मिळालेला मान डुकराला का मिळाला नाही, याचं उत्तर जनावराच्या अंगात शोधून सापडत नाही. ते त्याला पाळणाऱ्या माणसांच्या इतिहासात आहे. या माणसांचंही नाव सरकारनं एका वहीत लिहिलं होतं, पण ती वही पोलीस ठाण्यात असायची.

आधी हे जनावर नीट पाहू. लांब, सरळ, निमुळतं तोंड. कान लहान आणि ताठ. पाठ अरुंद, मागच्या बाजूला उतरती. मानेपासून पाठीच्या कण्यावरून जाड राठ केसांची एक रांग, जी जनावर चवताळलं की उभी राहते. रंग काळा किंवा राखी-काळा, क्वचित तांबूस. पाय सडपातळ आणि पळायला चपळ. पांढऱ्या विलायती डुकराशेजारी ते अगदीच किडमिडीत दिसतं. विलायती डुकरिणीला वेताला आठ-दहा पिल्लं सहज होतात, गावठीला पाच-सहा. पण विलायती डुकराला शेड लागते, विकतचं खाद्य लागतं, उन्हात पाण्याचा फवारा लागतो. गावठीला यातलं काहीच लागत नाही. पारनेरसारख्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यात, जिथं माणसाला पाणी विकत घ्यावं लागतं, तिथं ते कंदमुळं उकरून, खळ्यावरची सांड वेचून, गावाची घाण खाऊन जगलं. गाभण डुकरीण तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांनी विते. त्याआधी ती पालापाचोळा, चिंध्या, काटक्या तोंडानं ओढून आणते आणि आडोशाला स्वतःचं बाळंतघर रचते. ही काळजी तिला कुणी शिकवलेली नसते.

या मुलखाशी त्याचं नातं किती जुनं आहे? सुप्याच्या दक्षिणेला घोड नदीच्या खोऱ्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं आणि इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आणली. याच संस्कृतीला ज्या गावामुळं नाव मिळालं ते जोर्वे नगर जिल्ह्यातच, संगमनेर तालुक्यात, प्रवरेकाठी आहे. त्याच प्रवरेकाठी नेवासे आणि दायमाबाद. गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि डुक्कर ही त्या काळच्या पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांची पाळीव जनावरं होती. दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझच्या चार भारी मूर्ती सापडल्या. त्यांत हत्ती होता, गेंडा होता, म्हैस होती, बैल जुंपलेला रथ होता. डुक्कर नव्हतं. रोजच्या जगण्यात असलेलं सगळंच ब्राँझमध्ये ओतलं जात नाही.

डुक्कर माणसाळलं कुठं, हा प्रश्नही आता पूर्वीसारखा सोपा राहिलेला नाही. अनातोलिया आणि चीन ही दोन केंद्रं पक्की मानली जातात. पण २००५ मध्ये ग्रेगर लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या रानडुकरांचे आणि पाळीव डुकरांचे जनुकीय नमुने ताडून पाहिले, आणि भारतातही ते स्वतंत्रपणे माणसाळलं असावं अशी शक्यता पुढं आली. म्हणजे आपल्या उकिरड्यावरचं डुक्कर कुठून तरी आलेलं नसून याच मातीतल्या रानडुकराचं वंशज असू शकतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याला आपण दगड मारून हाकलतो त्याच्या रक्तात या भूमीतल्या एका प्राचीन प्रयोगाची साक्ष असेल, तर ती वाचून घेण्याआधी पुसली जाऊ नये.

पुढच्या काळात एक विलक्षण फारकत झाली. बदामीच्या चालुक्यांची सत्ता या प्रदेशावर होती, आणि त्यांचं राजचिन्ह वराह. ताम्रपटांच्या मुद्रेवर वराह, नाण्यावर वराह. दक्षिणेत सोन्याच्या नाण्यालाच पुढं वराह म्हणू लागले. पृथ्वीला दातांवर तोलून धरणारा विष्णूचा तिसरा अवतार देवळांच्या भिंतींवर कोरला गेला. आणि जिवंत डुक्कर त्याच काळात हळूहळू गावाच्या कडेला सरकलं. त्याच्याबरोबर त्याला सांभाळणारी माणसंही सरकली.

ही माणसं कोण? नगर जिल्ह्यात मुख्यतः कैकाडी आणि वडार. कैकाडी तुरकाठ्यांच्या आणि निरगुडीच्या फोकांच्या पाट्या, डालगी, कणग्या विणायचे. शेतकऱ्याचं धान्य ज्या कणगीत राहायचं ती कणगी कैकाड्याच्या हातची असायची. वडारांत गाडीवडार खाणीतला दगड फोडायचे, मातीवडार तळी-विहिरींची माती काढायचे, जातेवडार जाती आणि पाटे-वरवंटे घडवायचे. दोघांकडे गाढवं आणि दोघांकडे डुकरं. बारा बलुत्यांत त्यांना जागा नव्हती, म्हणजे खळ्यावरच्या धान्यात ठरलेला वाटा नव्हता. शेती तर नव्हतीच. अशा कुटुंबाची सगळी पुंजी डुकरांच्या कळपात असायची. आजारपण आलं, लग्न निघालं, पावसाळ्यात काम थांबलं की एक डुक्कर विकायचं. ब्रश तयार करण्यासाठी राठ केसांना गिऱ्हाईक असे. कानपूर हे त्या व्यापाराचं मोठं ठाणं होतं. आणि गावाला फुकटात स्वच्छता मिळायची. गावाची हागणदारी रोज कोण साफ करत होतं, याचा हिशेब कुठल्याही गावाच्या दप्तरात मांडलेला नाही.

इंग्रजी अमलात नगरला लष्कराची छावणी झाली. गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी घोड्यावरून भाल्यानं रानडुक्कर मारणं हा मर्दानी खेळ होता, आणि दख्खनचे माळ त्यासाठी प्रसिद्ध होते. रानडुकरामागं धावणारा साहेब शूर ठरला. घरचं डुक्कर राखणारा कैकाडी मात्र संशयित ठरला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा सुरुवातीला उत्तरेपुरता होता. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्यात कैकाडी आले, वडार आले, पारधी, बेरड, रामोशी, भामटे आले. जन्मानंच गुन्हेगार. पोलीस पाटलाकडे किंवा ठाण्यावर हजेरी, गाव सोडायचं तर पास, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती.

या कायद्यानं माणसांचं काय झालं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणखीही लिहिलं जायला हवं. जनावरांचं काय झालं याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. कुठल्याही जातीची जोपासना पाळणाऱ्याच्या निवडीवर होते. कुठला नर ठेवायचा, कुठल्या मादीची पिल्लं विकायची नाहीत, दुसऱ्या गावच्या कळपातून कोणतं रक्त आणायचं, हे तो ठरवतो. खिल्लार बैल घडला तो असाच. माणदेशातल्या पशुपालकांनी, जत्रांच्या बाजारांनी, संस्थानिकांच्या बक्षिसांनी तो घडवला. जो माणूस पासाशिवाय शेजारच्या गावी जाऊ शकत नाही, तो नर पाहायला कुठं जाणार? ज्याचा कळप कधीही जप्त होऊ शकतो तो चार पिढ्यांपुढचा विचार कसा करणार? डुकरांचं प्रदर्शन, डुकरांचा बक्षीस-समारंभ, डुकरांसाठी वळूकेंद्रासारखी सोय दख्खनच्या गावांना कधी मिळाली नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त ठरल्या. आज महाराष्ट्रात कैकाडी आणि वडार विमुक्त जातींच्या यादीत आहेत. तेच कैकाडी विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतात. जिल्ह्याची हद्द ओलांडली की माणसाचा कागद बदलतो. अशा लोकांच्या डुकराचा कागद कोण करणार होतं?

स्वातंत्र्यानंतर सरकारनं डुकराकडे पाहिलं, पण नजर विलायती डुकरावर होती. मांसासाठी, प्रथिनांसाठी वराहपालन वाढवायचं ठरलं. अलीगढ, हरिणघाटा, गन्नवरम आणि आपल्याकडे बोरिवली इथं बेकन कारखाने आणि पैदास केंद्रं उभी राहिली. लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणि लँडरेस जातीचे नर आणून देशी डुकरिणींना लावायचे, असा कार्यक्रम होता. १९७०-७१ पासून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं डुकरांवर अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू केला. वजन वाढलं, पिल्लं वाढली, हे खरंच. पण देशी डुकराची भूमिका केवळ सुधारणेसाठी वापरायच्या कच्च्या मालाची राहिली. एक गोष्ट इथं सांगायलाच हवी: ज्या यॉर्कशायर डुकराला आपण शुद्ध विलायती समजतो, त्याच्यात अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी चीनहून आणलेल्या डुकरांचं रक्त मिसळलेलं आहे. त्यांनी आशियातलं डुक्कर नेलं, त्याचं मोल ओळखलं, निवड केली, वंशावळीच्या वह्या ठेवल्या.

त्याच सुमारास खेडं बदलत होतं. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात खडी फोडायची कामं निघाली. जे हात पिढ्यान् पिढ्या दगड फोडत होते त्यांच्या शेजारी सगळा गाव येऊन बसला. पुढं पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातलं हिवरे बाजार देशाला माहीत झालं. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान ही पंचसूत्री गावोगाव गेली. २००० नंतर संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, गावं हागणदारीमुक्त होऊ लागली. हे सगळं चांगलंच झालं. मोकाट डुक्कर आणि उघडी हागणदारी यांच्या जोडीतून टेपवर्मचा फेरा चालू राहतो, आणि त्याच्या अळ्या माणसाच्या मेंदूत शिरून झटके येतात, ही गोष्ट गंभीर आहे. स्वच्छतेला विरोध करण्याचा प्रश्नच नाही. पण मोकाट जनावराला बंदिस्त करून, चारा-खाद्य देऊन, लस टोचून सांभाळायची पर्यायी वाट शेळी-गाईसाठी योजनांनी दाखवली, तशी काळ्या डुकरासाठी कुणी दाखवली नाही. त्याला फक्त पकडून हद्दीबाहेर नेण्यात आलं. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी घेतला. तो आजार माणसाकडून माणसाला होत होता. तरी आजाराच्या नावामुळं डुकरावरचा संशय आणखी घट्ट झाला.

गोव्यात मात्र वेगळं घडलं. १५१० मध्ये पोर्तुगीज आले. स्पेन-पोर्तुगालमध्ये डुकराचं मांस न खाणारा माणूस छुपा यहुदी किंवा मुसलमान असल्याचा संशय घेतला जाई, आणि तीच संशयी नजर घेऊन १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यात आलं. ते उठलं १८१२ मध्ये. या दहशतीचा इतिहास काळाकुट्ट आहे. पण काही पिढ्यांनंतर ख्रिस्ती घरांत डुक्कर हे सणासुदीचं, मायेनं राखलेलं जनावर झालं होतं. परसात दोन-तीन काळी डुकरं, त्यांना भाताचा कोंडा, पेज, उरलंसुरलं अन्न. बऱ्याचदा ती घरातल्या बाईच्या हाताखाली असत. जुन्या घरांत संडासाच्या मागं डुकरांचा खण असे. १९६१ नंतर सेप्टिक टँक आले तसे ते गेले. उन्हाळ्यात मांस कापून मीठ, व्हिनेगर, लाल मिरची, लसूण लावून मुरवायचं, उन्हात सुकवायचं, आतड्यात भरून माळा करायच्या आणि पावसाळ्यात मासे मिळेनासे झाले की तेच ‘चोरीस’ (सॉसेज) भाकरी-पावाबरोबर खायचे. सोरपोतेल आणि विंदालू तर लग्नाच्या पंगतीतले पदार्थ. वसई-मुंबईकडच्या मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतही हीच रीत आहे. तिथं डुक्कर लाजेचा विषय नाही.

दक्षिण गोव्यात काणकोण तालुक्यात समुद्रकाठी आगोंद गाव आहे. तिथल्या परसांतली लहानखुरी काळी डुकरं जुन्या गोव्याजवळच्या एला इथल्या कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाहिली, मोजली, त्यांची वैशिष्ट्यं लिहून काढली. जातींची नोंद करायची पद्धत भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं २००७ मध्ये सुरू केली होती. मूळ प्रदेश कोणता, संख्या किती, रंगरूप कसं, वेताला पिल्लं किती, पाळणारे कोण, हे सगळं अर्जात द्यावं लागतं. पश्चिम बंगालचं घुंगरू आणि मेघालयचं नियांग मेघा यांच्या पाठोपाठ ‘आगोंद गोवन’ ही देशातली तिसरी नोंदणीकृत डुकराची जात ठरली. मागाहून नागालँडचं तेन्यी वो, निकोबारी, आसामचं डूम, मिझोरामचं झोवाक, उत्तर प्रदेशातलं घुर्रा अशी यादी वाढत गेली. बंगालपासून अंदमान-निकोबारपर्यंत नोंदी झाल्या. गोव्याला लागून असलेला महाराष्ट्र त्यात अजून नाही.

महाराष्ट्रात हे डुक्कर सगळ्या लोकांच्या डोळ्यांपुढं आलं ते एका चित्रपटामुळं, आणि तो चित्रपट नगर जिल्ह्यातलाच आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ची गोष्ट घडते अकोळनेरमध्ये. हे गाव सुप्यापासून फार लांब नाही. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. १४ फेब्रुवारी २०१४ ला तो प्रदर्शित झाला, मंजुळे यांना पदार्पणासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जत्रेच्या पालखीत डुक्कर घुसतं आणि गाव कैकाडी कचरू मानेला हुकूम सोडतं की डुकरं पकडा. बापासाठी, बहिणीसाठी, कचरूच्या शाळकरी मुलाला, जब्याला, सगळ्या गावासमोर डुकरामागं धावावं लागतं. डुक्कर कोंडीत सापडतं, आणि नेमकं तेव्हा शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर निघून जातं. पुढं पकडलेलं डुक्कर बांबूला उलटं टांगून नेताना मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचं आणि सावित्रीबाईंचं चित्र दिसतं. जब्यानं शेवटी उचललेला दगड ज्यानं पाहिला त्याला या विषयावर हलक्या हातानं लिहिता येणार नाही.

म्हणून स्पष्ट लिहितो. काळं डुक्कर वाचवा असं म्हणताना कैकाड्याच्या, वडाराच्या पोरानं पुन्हा त्याच्यामागं धावावं, असं कुणीही सुचवू नये. कैकाडी समाजातले लेखक लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ हे आत्मकथन १९८० मध्ये आलं तेव्हापासून ही माणसं शाळेकडे, नोकरीकडे, सन्मानाकडे चालत निघाली आहेत, आणि ती वाट अडवण्याचा अधिकार कुणालाच नाही. ज्यानं डुक्कर सोडलं त्यानं योग्यच केलं. पण जे अजून पाळत आहेत, त्यांच्याकडे शेकडो वर्षांचं ज्ञान आहे. कोणती डुकरीण पिल्लं दाबत नाही, कोणता कळप उन्हाळा काढतो, गाभण मादी कशी ओळखायची, हे त्यांना विचारायचं असतं, शिकवायचं नसतं.

जग या बाबतीत जागं झालं आहे. हंगेरीतलं कुरळ्या लोकरीसारख्या केसांचं मंगालित्सा डुक्कर एकोणिसाव्या शतकात नावारूपाला आलं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या दोनशेहून कमी माद्या उरल्या होत्या. त्या शोधून, विकत घेऊन, वंश वाढवला गेला. आज त्याचं मांस महाग विकलं जातं. इंग्लंडमधलं लिंकनशायर कर्ली कोट मात्र १९७२ पर्यंत संपलं. पुढच्याच वर्षी तिथं दुर्मीळ जातींच्या रक्षणासाठी न्यास स्थापन झाला. तोवर त्या एका जातीसाठी उशीर झाला होता.

आपल्याकडे घड्याळ वेगानं फिरतं आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९०.६ लाख डुकरं होती. २०१२ च्या तुलनेत १२ टक्के कमी. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलातून आफ्रिकन स्वाइन फीवर देशात शिरला. त्यावर औषध नाही, आणि एका बाधित कळपासाठी आसपासची सगळी डुकरं मारावी लागतात. ज्या वंशाची नोंदच नाही, तो अशा साथीत कायमचा संपला तरी कुठल्याही कागदावर त्याची खूण उरणार नाही.

आणि ही नोंद करण्याचं काम करू शकणारी माणसं आपल्याकडे आहेत. नगर जिल्ह्यातच राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. नागपूरला २००० पासून महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, आणि त्याची पशुवैद्यकीय महाविद्यालयं मुंबईला आणि शिरवळला आहेत. त्यांनी पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत, जामखेड या तालुक्यांतल्या काळ्या डुकरांचं सर्वेक्षण हाती घ्यावं. रक्ताचे नमुने घ्यावेत, मापं घ्यावीत, आणि अर्जाच्या पहिल्या पानावर पाळणाऱ्या कुटुंबांची नावं त्यांच्या संमतीनं, मानानं लिहावीत. त्यांना निवाऱ्यासाठी जागा, लस आणि खाद्यासाठी अनुदान मिळावं, जसं शेळीला आणि गाईला मिळतं. चाचण्यांती ही वेगळी जात नाही असं ठरलं तर तसं लिहावं. पण तपासल्याशिवाय सोडून देऊ नये. सुप्याच्या परिसरातल्या शाळा-कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनीही हे काम सुरू करायला हरकत नाही: आपल्या गावात आता किती काळी डुकरं उरली आहेत, कुणाकडे आहेत, आणि ती माणसं त्यांच्याबद्दल काय सांगतात, एवढं या वर्षी लिहून ठेवा.